हातात येण्याआधीच

सातारा
चि. मुक्ता,


तुझा फोन ठेवला आणि रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. थंडीचं सांगितलंस, घरभाड्याचं सांगितलंस आणि मधेच सहज म्हणालीस, "आत्या, कार्डाचं मिनिमम भरलं की झालं." झालं कसं गं बाळा? उरलेल्या बाकीवर व्याज चढतच राहतं. शिक्षकांच्या पतसंस्थेत 29 वर्षं खतावण्या लिहिल्यात मी. असं "झालं" म्हणणारे टेबलापलीकडे पुष्कळ बसले.

तुझी आजी अंगठा ओला करून नोटा दोनदा मोजायची आणि वाण्याला देताना शेवटची नोट क्षणभर घट्ट धरून ठेवायची. आम्ही हसायचो, पण रोख देताना हात आखडतो हे खरंच. तुझ्या बॉस्टनशेजारच्या एमआयटीत प्रेलेक आणि सिमेस्टर या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना बास्केटबॉलच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली. काहींना पैसे रोख द्यायचे होते, काहींना कार्डानं. कार्डवाल्यांची बोली जवळजवळ दुप्पट! 2001 साली छापून आलंय ते. म्हणजे कार्डापुढे भलेभले घसरतात. पण बिल मात्र तुझ्या एकटीच्या नावावर येतं, सोन्या.

आमच्या पतसंस्थेत यावर पगारातूनच कपात हे औषध होतं. एका शाळेतला शिपाई दर पगारवाढीला यायचा. "बाई, वर्गणी पन्नासनं वाढवा, वाढलेला पगार घरी कळायच्या आत." त्याच ठेवीवर त्यानं दोन खोल्या बांधल्या. तूही पगारातली थोडी रक्कम परस्पर बचतीत वळती करून घे.

तिकडे पतसंस्था कुठली, असं म्हणू नकोस. क्रेडिट युनियन म्हणजे तीच की! बॉस्टनचे दुकानदार एडवर्ड फिलीन 1907 मध्ये आपल्याकडे येऊन खेड्यांतल्या सहकारी पतपेढ्या बघून गेले. 1909 मध्ये मॅसॅच्युसेट्सात क्रेडिट युनियनचा कायदा झाला, त्यामागे तेही होते. तेव्हा संकोच न करता जा आणि सभासद हो. संघीय सनद असलेल्या युनियनला सहसा 18 टक्क्यांवर व्याज लावता येत नाही आणि अडीच लाख डॉलरपर्यंतच्या ठेवींना विमा असतो. (आपल्या पतसंस्थेतल्या ठेवींना बँकांसारखं विम्याचं कवच नाही. हे मी ठेवीदारांना सांगितलं की चेअरमन डोळे वटारायचे.)

जाताना कार्डाची बाकी आणि व्याजाचा दर कागदावर लिहून ने. कमी दरानं कर्ज मिळत असेल तर घे आणि कार्डाची बाकी एकदम मिटव. मात्र मिटवल्यावर तेच कार्ड पुन्हा घासू लागलीस तर एकाचे दोन हप्ते होतील. आमच्याकडे निम्मी माणसं तिथेच बुडायची. आणि हो, मैत्रिणीच्या कर्जावर भिडेखातर सही करू नकोस. मी एकदा जामीन राहिले आणि 11 महिने दुसऱ्याचा हप्ता माझ्या पगारातून गेला. तुझ्या बाबांना अजून माहीत नाही, सांगू नकोस.

बाबांचा गुडघा बरा आहे. मागच्या आंब्याला यंदा मोहर चांगला आलाय. मेतकूट आणि लसणाची चटणी पार्सलनं पाठवतेय.

या महिन्याचं बिल आलं की फोटो पाठव. मागच्या वेळेसारखं रकमेवर बोट ठेवून काढू नकोस, सगळं दिसू दे.

तुझी,
आत्या