आई असंबद्ध बोलते का?

नवजात बाळाच्या गृहभेटीला आशाताई येतात तेव्हा त्यांच्या फॉर्मवर बाळंतिणीसाठी मोजकेच प्रश्न असतात. दिवसातून किती वेळा जेवते? पॅड किती वेळा बदलावे लागतात? ताप आहे का, अंगावरून जातं त्याला घाण वास येतो का? त्यातच एक प्रश्न असतो : आई असंबद्ध बोलते का, किंवा तिला झटके येतात का? तिच्या मनाच्या वाट्याला आलेली ही अर्धी ओळ, तीही झटक्यांसोबत वाटून घेतलेली.

बाई बरळू लागली तर ते व्यवस्थेला कळेल. पण जी बरळत नाही, वेळेवर पाजते, आल्यागेल्याशी नीट बोलते आणि बाळ झोपलं की भिंतीकडे तोंड करून जागीच पडून राहते, तिच्यासाठी रकाना नाही.

आपल्याकडे गरोदर बाईच्या मनाचा विचारच झाला नाही असं मात्र नाही. ‘डोहाळे’ हा शब्द ‘दोहद’वरून आला. सुश्रुतसंहितेने गर्भिणीला दोन हृदयांची म्हटलं आणि तिची इच्छा डावलू नका असं बजावलं. का, तर गर्भात व्यंग येईल. इथेच खरी मेख आहे. तिचं मन राखायचं ते पोटातल्यासाठी. डोहाळजेवणात हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा, सगळं होतं, आणि मग वाट्या उघडून ‘बर्फी की पेढा’ हेही बघितलं जातं. पेढा निघाला की टाळ्या जरा जास्त वाजतात.

बाळ बाहेर आलं की दुसरं हृदय वेगळं झालं. मग पहिल्याकडे कोण बघतो? शेक, धुरी, डिंकाचे नि अळिवाचे लाडू, कानाला रुमाल, सव्वा महिना विश्रांती. या गोष्टींना मी नावं ठेवणार नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीत बरंच शहाणपण आहे : अंघोळ घालणारे हात आईचे असतात आणि रात्री बाळ रडलं तर आपल्याआधी कुणीतरी उठतं. पण त्याच खोलीत ‘रडू नकोस, दूध आटेल’ हेही ऐकवलं जातं. ‘सगळ्या बायका बाळंत होतात, हिलाच काय झालं?’ हे माहेरीसुद्धा विचारलं जातं. लक्षणं फारच दिसू लागली तर ‘बाहेरचं’ बघायला माणूस बोलावतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं रडू बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं, ते आजार नव्हे. नैराश्य वेगळं, ते ठाण मांडून बसतं. गोव्यात झालेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या मातांपैकी 23 टक्क्यांना नैराश्य होतं. त्याचे धागे जुळत होते गरिबीशी, नवऱ्याच्या मारहाणीशी आणि मुलगी होण्याशी. बर्फी-पेढ्याचा खेळ इतका निरुपद्रवी नाही तर.

याहून तीव्र असा मनोविकार हजारांत एक-दोघींना होतो, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांतच. तिथे थेट रुग्णालय गाठावं लागतं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये 2009पासून आई आणि बाळाला एकत्र ठेवणारा विभाग आहे, आणि 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही तीन वर्षांखालचं मूल सहसा आईपासून तोडू नये असं म्हटलं आहे. पण नैराश्य असलेली ती जवळपास चौघींतली एक, जी गप्प आहे, तिला निम्हान्सची नव्हे, कुणीतरी विचारण्याची गरज आहे.

‘विचारणार कोण? मानसोपचारतज्ज्ञ आहेत किती?’ ही सबब मला पटत नाही, कारण तिचं उत्तर महाराष्ट्रानेच दिलेलं आहे. आजारी नवजात बाळ डॉक्टरशिवाय ओळखता येत नाही असा समज होता तेव्हा अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीत गावातल्याच बायकांना बाळाचे श्वास मोजायला शिकवलं. 39 गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी उतरलं. 1999 साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. 2011पासून देशभर होणाऱ्या गृहभेटींचं मूळ तिथेच आहे. श्वास मोजता येतात, मग उदासी का नाही? एडिंबरोची दहा प्रश्नांची पट्टी 1987पासून वापरात आहे. तिचा पहिलाच प्रश्न हसण्याबद्दल आहे, गंमत दिसते का याबद्दल. आणि नुसती ओळख नव्हे, उपायही होतो. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत लेडी हेल्थ वर्कर्सनी नैराश्यात असलेल्या बायकांच्या घरी जाऊन बोलण्याचे उपचार केले. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी त्यांतल्या 23 टक्के माता अजून नैराश्यात होत्या. हे उपचार न मिळालेल्या गटात 53 टक्के.

तिथेही घराचं दार उघडावं म्हणून बाळाच्या वाढीचं निमित्त पुढे करावं लागलं. शहाणी तडजोड, पण तडजोडच. मला दुसरीच धास्ती वाटते. मारणाऱ्या नवऱ्याच्या घरात बाईला ‘सकारात्मक विचार’ शिकवणं म्हणजे मार सोसायचं प्रशिक्षण देणं. आधार द्यायचा तर कधीकधी नवऱ्याशी बोलावं लागेल, कधी पोलिसांशी. हे सगळं आशाताईंवरच ढकललं, तर केंद्राच्या योजनेत सहा भेटींचे मिळून 250 रुपये देणाऱ्या व्यवस्थेने आणखी एका बाईला फुकट राबवलं, एवढंच होईल. प्रश्न वाढवायचे तर पैसे वाढवा, आणि उत्तर ‘हो’ आलं तर तिला पाठवायचं कुठे तेही फॉर्मवर छापा. 14416 हा टेली-मानसचा क्रमांक 2022पासून आहे. फोन मात्र बहुधा नवऱ्याच्या खिशात असतो.

सहावी भेट बेचाळिसाव्या दिवशी. त्यानंतर पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच भेटी असतात. त्या बाळाचं वजन नि खाणं बघायला.

एका आशाताईंना मी विचारलं, सासूबाई समोर बसलेल्या असताना बाळंतीण बोलते का? त्या हसल्या. म्हणाल्या, “मी बाळ सासूबाईंच्याच हातात देते. सांगते, कावीळ वाटते जरा, अंगणात उजेडात नेऊन नीट बघा, डोळे पिवळे दिसतात का. दहा मिनिटं मिळतात.”

“मग काय विचारता?”

“काही नाही. नुसतं बसते तिच्या पलंगावर. बाळ खोलीत नसलं की ती आपोआप बोलते.”