हरण्याला कोणी विचारलं?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या फुलसावंगीच्या घरी खांदेशेकणी व्हायची. बाबा हळद-तूप घेऊन बैलांचे खांदे चोळत आणि माय बैलाच्या कानाशी वाकून त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देई. वर्षभर राबवलेल्या जनावराला एका दिवसाच्या पुरणपोळीसाठी इतकं रीतसर विचारायचं! लहानपणी मला त्याचं फार अप्रूप वाटे. त्याच बैलाला पटात जुंपताना मात्र कोणी काही विचारत नसे.

पट म्हणजे शंकरपट. सांगली-साताऱ्याकडे पुष्कळ गाडे एकदम सुटतात, पुढे जाईल तो जिंकला. आपल्याकडे हिशेब घड्याळाचा. सेकंदाच्या तुकड्यावर जोडीची इज्जत ठरते. कपाशीचे वेचे उरकत आले की थंडीत गावोगाव पटाच्या गोष्टी निघत. तळेगाव दशासरचा पट तर बाबा देवाच्या यात्रेसारखा सांगत.

आमचा हरण्या पटाचा बैल. त्याला औताला लावायचं नाही. सरकीची ढेप त्याला, उडदाचं पीठ त्याला, दूधही आधी त्याला. उरलं तर आम्हा लेकरांच्या चहात. माय कधी कुरकुरली तर बाबा म्हणत, "तो आपलं नाव काढन. हे पोट्टे काय काढनार हायेत?" (त्यांचं तसं फारसं चुकलं नाही.)

बारा वर्षांचा असेन, तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा पटाला नेलं. दोन्ही अंगांनी माणसांची भिंत. हलक्या गाडीवर धुरकरी बसलेला. आरडाओरडा झाला, धूळ उडाली, आणि मी श्वास सोडायच्या आत जोडी पार झाली होती. एवढ्यासाठी वर्षभराचं दूध? पण खोटं कशाला सांगू, मीही घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. हरण्या म्हणजे आपणच धावलो, असं तेव्हा पायांना वाटलं होतं. तसा आनंद मला पुढे शाळेच्या निकालानंही दिला नाही.

रात्री गोठ्यात कंदिलाच्या उजेडात शेपटीच्या मुळाशी रक्त दिसलं. आरेचे टोचे होते. बाबा त्यावर हळद दाबत होते. खांदेशेकणीची तीच हळद.

"बाबा, हे काय?"

"लागते थोडंसं. पण त्याले पयनं आवडते. आवडत नसतं तं पयला असता का?"

"आवडते तं मंग टोचलं काहून?"

बाबांनी हळदीची वाटी खाली ठेवली. "जाय, झोप," म्हणाले.

तो प्रश्न मी पुढे नोकरीच्या गावी नेला. इटलीत सिएना नावाच्या शहरात दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्टला घोड्यांची शर्यत होते. तिथे स्वार मध्येच पडला तरी घोडा एकटा पहिला आला की जिंकतो, हे वाचून मी खूश झालो होतो. निदान जिंकणं तरी जनावराचं! मग लक्षात आलं की बक्षीस वस्तीला मिळतं, मिरवणूक माणसांची निघते. घोड्याला तिथेही कोणी विचारलेलं नाही.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतींवरही बंदी घातली. मी आनंदानं घरी फोन केला. बाबा तेव्हा नव्हते. धाकट्या भावाकडे पटाचा एक बैल होता, हरण्याच्याच रंगाचा. भाऊ एवढंच म्हणाला, "बरं झालं असन." वर्षाच्या आत त्यानं तो बैल बाजारात विकला. नांगरटीला ट्रॅक्टर होता, कपाशीला भाव नव्हता. पळायचंच नाही तर ढेप कोणत्या हिशेबानं घालायची? त्याचा दोर कोणाच्या हातात गेला, हे मी विचारलं नाही. आरेपासून सुटका झाली म्हणून मी पेढा खाल्ला होता, आणि ज्या बैलासाठी खाल्ला तो गोठ्यात उरला नव्हता. भावाला दोष देणं सोपं होतं. पण तो बैल पोसायला मी एक महिना तरी पैसे पाठवले असते का?

१६ डिसेंबर २०२१ ला अटींसह शर्यती पुन्हा सुरू झाल्या. १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. टोचणी, चाबूक, विजेचा झटका, सगळ्याला मनाई. पुतण्यानं लगेच गोऱ्हा आणला. मागच्या हिवाळ्यात गावी गेलो तेव्हा म्हणाला, "मोठेबाबा, आता आर नाही. नुसत्या आवाजावर पयते. पाहा तुम्ही."

मी आधी शेपटीचं मूळ पाहिलं. साफ होतं. मग पाठीवर हात ठेवला. कातडी थरथरत होती, कान उभे होते. उतावीळपणा होता की भीती, मला काही ओळखू येईना. पुतण्याला विचारलं तर तो हसला, "त्याले काय विचारता, मोठेबाबा? खुशीत हाय तो."

अगदी बाबांच्या आवाजात.

पटात नाव नोंदवायला त्याला पाचशे रुपये कमी पडत होते. मी खिशातून काढून दिले.