उरलेले भाडे

पूर्वी सुट्टी लागली की माणसे ‘गावाला’ जात. आता ती ‘फिरायला’ जातात. हा फरक केवळ शब्दांचा नाही. गावाला जाणाऱ्याची कोणीतरी उंबऱ्यात उभे राहून वाट पाहत असे. फिरायला जाणाऱ्याची वाट पाहतो तो हॉटेलवाला. तरीही फिरण्याला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. वर्षभर फळ्यावर खडू झिजवणाऱ्या माणसाला चार दिवस डोंगर पाहावासा वाटला, तर त्यात वावगे ते काय? मला पडलेला प्रश्न निराळा आहे. आपल्या आनंदाची सगळी किंमत आपणच मोजतो काय?

हा प्रश्न बैलगाडीच्या काळी पडला नसता. विमानाने तो पाडला. १९०३ साली राइट बंधूंनी यंत्राच्या बळावर पहिले उड्डाण केले आणि १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. माणसाच्या बुद्धीचा हा पराक्रम मला आजही थक्क करतो. परंतु विमानाच्या तिकिटावर छापलेले भाडे हे पुरे भाडे नसते. जगभरात माणसाच्या उद्योगांतून जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातला सुमारे अडीच टक्के विमानांचा. अडीच टक्के म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की २०१८ या वर्षात जगातल्या जेमतेम अकरा टक्के लोकांनी विमानप्रवास केला. म्हणजे पंगतीला बसले अकरा आणि खरकटे काढायला शंभर!

हवा तापली की पाऊस पडतो तेव्हा कोसळून पडतो, आणि हवा असतो तेव्हा येईलच असा भरवसा उरत नाही. ज्याने विमानाची पायरी उभ्या जन्मात चढली नाही, त्याच्या शेतातले सोयाबीन त्या पाण्यात कुजते. कोणत्याही एका पावसाकडे बोट दाखवून ‘हा अमक्याच्या सहलीचा’ असे म्हणता येत नाही. आणि म्हणूनच हे उरलेले भाडे चुकवणे इतके सोपे जाते. उधारी कोणाच्या वहीत मांडलेलीच नसेल, तर दुकानदार दारात येणार कसा?

स्वीडनमधल्या लोकांना ही उधारी बोचू लागली. २०१८ च्या सुमारास त्यांच्या भाषेत ‘विमानाची लाज’ अशा अर्थाचा एक शब्द रूढ झाला. त्याच देशातली ग्रेटा थुनबर्ग ही सोळा वर्षांची मुलगी २०१९ साली इंग्लंडहून अमेरिकेला शिडाच्या नावेतून गेली. पंधरा दिवस लागले. पण गंमत अशी, की लाजेच्या पाठोपाठ ‘आगगाडीची बढाई’ अशा अर्थाचाही शब्द तिथे जन्मला! मनुष्यस्वभाव मोठा मासलेवाईक. लाज सोडून तो चटकन अभिमानावर येतो. एकादशीला साबुदाण्याची खिचडी किती खाल्ली हे न सांगता उपवास केला एवढेच सांगणारे आपल्याकडेही काही थोडे नाहीत.

शिवाय उपास आणि उपासमार यांत अंतर आहे. माझे आईवडील कधी विमानात बसले नाहीत, हे काही त्यांचे व्रत नव्हते. त्यांच्यापाशी पैसे नव्हते. ज्याच्या ताटात काही नाही, त्याने त्याग केला असे म्हणणे ही त्याची थट्टा आहे. त्यागाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो हातात पैसे आल्यावर. आमच्यासारख्या साताऱ्याकडच्या शिक्षकाच्या घरी तो परवा परवा उभा राहिला.

सौभाग्यवतींची धाकटी बहीण दिल्लीला असते. गेल्या दिवाळीत तिच्याकडे जायचे ठरले आणि प्रथमच पुण्याहून विमानाने जाण्याइतके पैसे गाठीशी होते. मी आगगाडीचे नाव काढताच दहावीतली कन्या म्हणाली, “बाबा, आपण नाही बसलो म्हणून विमान थांबणार आहे का? ते तर जाणारच ना!”

प्रश्न बिनतोड वाटतो. आजचे विमान जाणारच. परंतु कंपनी जागा मोजत असते. भरलेल्या जागा पाहूनच ती उद्याचे विमान वाढवते. ‘माझ्या एकट्याने काय होणार’ हे वाक्य प्रत्येकाने म्हटले, की सगळ्यांचे मिळून पुष्कळ काही होते. मी तिला असे समजावीत असतानाच सौभाग्यवती म्हणाल्या, “ते सगळे खरे. पण तुमच्या तत्त्वाचे भाडे पोरीने का भरायचे? तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली विमानात बसून आल्या आहेत.”

या वाक्यापाशी मात्र मी अडलो. दुसऱ्याला किंमत मोजायला लावू नये, हेच तर माझे म्हणणे. आणि माझ्या निश्चयाची किंमत मी माझ्या मुलीकडून वसूल करणार होतो! तत्त्व स्वतःपुरते पाळले तर व्रत होते. दुसऱ्यावर लादले की हुकूम होतो. मी मुलीपुढे हिशेब मांडला आणि निर्णय तिच्यावर सोपवला. तिने दोन दिवस विचार करून सांगितले, “जाताना गाडीने, येताना विमानाने.”

तसेच आम्ही गेलो. भुसावळ सुटल्यावर तापी लागली, मग बऱ्हाणपूर. रात्री पुलाचा खडखडाट झाला तेव्हा मी तिला जागे करून सांगितले, की ही नर्मदा. हिच्याच काठी रावेरखेडीला १७४० साली पहिल्या बाजीरावाने देह ठेवला. पुढे झाशी, ग्वाल्हेर. इतिहासाच्या पुस्तकात तिने पाठ केलेली नावे स्टेशनांच्या पाट्या होऊन सामोरी येत होती. दिल्ली किती दूर आहे, हे घोड्यावरून तिथवर गेलेल्यांना ठाऊक होते; ते तिला थोडेसे तरी कळले. येताना तिने ढग वरून पाहिले. तिचा तो आनंदही खोटा नव्हता, आणि तो पाहून मी सुखावलो हेही खोटे नाही.

आगगाडी निष्पाप आहे असे मी म्हणत नाही. ती विजेवर धावते आणि आपली वीज अजून बहुतांशी कोळशाचीच. पण माणशी हिशेब केला तर तिचा भार विमानाच्या मानाने पुष्कळच हलका. आणि आई अंथरुणाला खिळली असताना परदेशातून विमानाने धावत येणाऱ्या मुलाला लाज वाटण्याचे कारण नाही. बोटीचे दिवस आता गेले. गरज आणि चैन यांतली रेघ ज्याची त्याने ओढावी. सगळ्यांनाच ती ओढता येत नाही, म्हणून कधी कायद्यालाही ओढावी लागते. आगगाडीने अडीच तासांच्या आत चांगली सोय असेल तिथली देशांतर्गत विमाने बंद करण्याचा कायदा फ्रान्सने २०२१ साली केला आणि २०२३ पासून तो अमलात आला. मोजक्याच मार्गांना तो लागू झाला खरा. पण रेघ तर ओढली गेली!

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आपण सर्वांनी ऐकली आहे. राजाच्या आज्ञेवरून साऱ्या नगराने मुलावासरांच्या तोंडचे दूध काढून महादेवाच्या गाभाऱ्यात ओतले, तरी गाभारा भरला नाही. एका म्हातारीने आधी घरच्यांना जेवू घातले, वासरांना पाजले आणि उरलेले खुलभर दूध वाहिले, गाभारा भरला. ही कहाणी दुधाच्या मापाची नाही, आधी कोणाला पाजायचे याची आहे. सुट्टीही अशीच असावी. ती थोडी असो की फार. तिच्यासाठी कोणाचे वासरू उपाशी ठेवले नाही, एवढे मनाला सांगता आले, तर घराजवळच्या टेकडीवरही गाभारा भरतो.