शरण जाण्याचा सराव

अंधेरीचे शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल, मुलुंडचे कालिदास, कांदिवलीचा सरदार पटेल तलाव, अशा ठिकाणी पोहायला शिकणाऱ्यांत चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली माणसेही असतात. सुरुवातीला त्यांना हात मारायला कोणी सांगत नाही. उथळ बाजूला उभे राहून तोंड पाण्यात घालायचे, बुडबुडे सोडायचे. मग कठड्याचा दांडा धरून पाय मारायचे. मग दांडा सोडून नुसते तरंगायचे. व्यायामाच्या या साध्या क्रमात भक्तिमार्गातला एक जुना पेच सुटताना दिसतो. तरून जायला माणसाने धडपड करायची, की स्वतःला सोपवून द्यायचे? रामानुजांच्या परंपरेत यावरून दोन पंथ झाले. एकाने दाखला दिला माकडिणीच्या पिलाचा, जे आईला स्वतः घट्ट धरते. दुसऱ्याने मांजरीच्या पिलाचा, ज्याला आईच तोंडात धरून नेते. माझ्या मते ही फोडच चुकीची आहे. सोपवून देणे हीसुद्धा शिकावी लागणारी, रोज घोटावी लागणारी क्रिया आहे.

पाण्यात काय घडते ते पाहावे. छाती हवेने भरलेली असेल तर बहुतेकांचे शरीर पाण्यापेक्षा किंचित हलके भरते. तरंगायला ताकद लागत नाही. तरी नवखा माणूस बुडतो, कारण चार-पाच किलोंचे डोके तो पाण्याबाहेर धरू पाहतो. डोके वर गेले की कंबर खाली जाते, पाय लोंबतात, श्वास कोंडतो आणि हातांची झटापट सुरू होते. शिकवणारा मानेखाली नुसती बोटे टेकवून सांगत राहतो, ‘मान सोडा, कान बुडू द्या.’ बँकेत हिशेब तपासणाऱ्या, वर्गात विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला यातले कारण एका वाक्यात पटते. मान मात्र कित्येक दिवस ऐकत नाही. पतंजलींनी साधनपादात मरणाचे भय विद्वानालाही सुटत नाही असे म्हटले आहे आणि त्याच पादात, आसन स्थिर व्हायला प्रयत्न सैल करावा असेही सांगितले आहे. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर सैल होणे नुसत्या समजुतीने का साधत नाही, ते कळते. भय बुद्धीच्या खाली, स्नायूंत बसलेले असते. तिथवर सरावच पोचतो.

यावर कोणी म्हणेल, पाणी म्हणजे देव नव्हे, इथे फक्त आर्किमिडीजचा नियम आहे. मान्य आहे. पण नियमावर भिस्त ठेवायलाही धार्ष्ट्य लागते आणि विश्वास म्हणजे डोळे मिटणे नव्हे, हे नियमामुळेच स्पष्ट होते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. पाणी जीव घेते हे मुंबईच्या उपनगरांना कोणी शिकवायला नको. त्या लोकांना ‘पाण्यावर विश्वास ठेवा’ सांगणे क्रूर वाटू शकते. म्हणूनच तलावात आधी उथळ बाजू, हाताशी दांडा आणि काठावर जीवरक्षक असतो. पुराच्या लोंढ्यात स्वतःला झोकून देणे ही शरणागती नाही, तो अविवेक आहे. कुठे सोपवायचे आणि कुठे नाही, ही पारख त्या सरावाचाच भाग आहे. तिसरी गोष्ट, काटक बांध्याच्या माणसांचे पाय मान सोडल्यावरही खाली जातात. पाणी सर्वांना सारखे तोलत नाही. त्यांना हलकी किक चालू ठेवावी लागते. पुढे फ्रीस्टाइल शिकताना तर सगळ्यांनाच हेच करावे लागते: श्वासासाठी डोके उचलायचे नाही, कुशीवर वळत तोंड फक्त बाजूला फिरवायचे, एक गाल पाण्यातच ठेवायचा आणि पाय थांबवायचे नाहीत. मान मांजरीच्या पिलाची, पाय माकडिणीच्या पिलाचे, आणि शरीर एकच.