मोडलेल्या लग्नाचें दप्तर कोणाचें?

लग्न चारचौघांसमक्ष लागतें. आपल्या मंडळ्यांत तर त्यापूर्वीं उपासनेच्या वेळीं दोघांचीं नांवें वाचून दाखवितात, आणि कोणाची हरकत असल्यास त्यानें ती कळवावी असें सर्वांस सांगतात. ह्या रीतीस कोणी चहाडी म्हणत नाहीं. परंतु तेंच लग्न पुढें मोडलें, तर त्या मोडण्याचे कागदही सर्वांस वाचावयास खुले असावे काय? जे लग्नाच्या जेवणास बसले, त्यांना घटस्फोटाच्या कैफियती चाळण्याचा अधिकार आहे काय? प्रश्न वरकरणी कायद्याचा दिसतो, पण मुळांत तो शेजारधर्माचा आहे. त्याचा विचार करण्यास अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांइतकें सोईचें ठिकाण दुसरें नाहीं; कारण एकाच देशांतील निरनिराळ्या संस्थानांनीं त्याचीं अगदीं उलट उत्तरें दिलीं आहेत.

तेथें घटस्फोटाचा कायदा प्रत्येक संस्थानाचा निराळा, आणि दावा बहुधा काउंटीच्या न्यायालयांत चालतो. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा, पण पुष्कळदा त्याहून लहान असा मुलूख. कागद मागावयाचा तो क्लार्काकडे. पण कोणत्या क्लार्काकडे, हें ठिकाणापरत्वें बदलतें. टेक्ससमध्यें लग्नाची नोंद काउंटी क्लार्काकडे असते, घटस्फोटाची मात्र डिस्ट्रिक्ट क्लार्काकडे. इलिनॉयमध्यें ती सर्किट न्यायालयाच्या क्लार्काकडे, तर कॅलिफोर्नियांत सुपीरियर न्यायालयांत असते. न्यूयॉर्कमध्यें हे दावे ज्या न्यायालयांत चालतात त्याचें नांव सुप्रीम कोर्ट असें आहे, तरी तें तेथील सर्वांत वरचें न्यायालय नव्हे. आणि त्याचें दप्तर काउंटी क्लार्क सांभाळतो. मागणारानें दोघांचीं त्या वेळचीं नांवें, अदमासानें साल आणि काउंटी इतकें सांगितलें, म्हणजे सूचीवरून दाव्याचा क्रमांक काढतां येतो, आणि जेथें दप्तर खुलें आहे तेथें फी भरून साधी किंवा सहीशिक्क्याची नक्कल मिळते. संस्थानाच्या आरोग्यखात्याकडून जें मिळतें तें बहुधा एवढेंच, कीं अमुक दोघांचा घटस्फोट अमुक काउंटींत अमुक दिवशीं झाला. टेक्ससचें खातें १९६८ पासूनच्या घटस्फोटांविषयीं असें पत्र देतें. कॅलिफोर्नियाच्या खात्याकडे १९६२ पासून जून १९८४ पर्यंतचीच नोंद आहे. न्यायालयाचा हुकूमनामा पाहिजे असेल, तर काउंटीचेंच दार ठोठावावें लागतें.

कोणती काउंटी, हीच खरी अडचण. जोडपें एका गांवीं लग्न करतें, दुसऱ्या गांवीं संसार करतें, आणि घटस्फोट तिसऱ्याच ठिकाणीं होतो. नेवाडा संस्थानानें १९३१ सालीं अवघ्या सहा आठवड्यांच्या वास्तव्यावर घटस्फोट देण्यास सुरुवात केली, आणि दूरदूरचीं माणसें त्यासाठीं रीनो शहरीं येऊं लागलीं. त्यांचे कागद त्यांच्या गांवीं कितीही शोधले तरी मिळावयाचे नाहींत. ते वॉशो काउंटींत आहेत. साउथ कॅरोलायनांत तर, १८७० च्या सुमाराचीं थोडीं वर्षें सोडलीं, तर १९४९ पर्यंत घटस्फोटच नव्हता; तेथील ज्यांस तो पाहिजे असे ते संस्थानाबाहेर जात. शिकागोची आग १८७१ सालची व सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप १९०६ सालचा. ह्या दोन्ही संकटांत तेथील जुनीं दप्तरें जळून गेलीं. शिवाय दावा दाखल झाला म्हणजे घटस्फोट झालाच असें नव्हे. कित्येक दावे मागें घेतले जातात, कित्येक निकालावांचून पडून राहतात. म्हणून पहिला कागद पाहून भागत नाहीं, शेवटचा हुकूम पाहावा लागतो.

आतां, हा कागद मागणारे कोण? पहिलीं तीं दोघें स्वतः. पुनर्विवाहासाठीं, पासपोर्टावरील नांव बदलण्यासाठीं, घराच्या वांटणीसाठीं त्यांस तो लागतो. ज्या स्त्रीचा संसार दहा वर्षें टिकून मग मोडला, तिला म्हातारपणीं पहिल्या नवऱ्याच्या नोंदीवरून सरकारी निर्वाहवेतनाचा हक्क पोंचूं शकतो. तिच्या दृष्टीनें ही नक्कल म्हणजे भाकरीच होय. ह्या मागणीविषयीं कोणाचेंच दुमत नसावें.

दुसरे मागणारे गणती करणारे. न्यू इंग्लंडांत घटस्फोट वाढले म्हणून चिंता करणाऱ्या मंडळींत सॅम्युएल डाइक नांवाचे काँग्रिगेशनल पाळक पुढें होते. ह्याच पंथाच्या मंडळ्यांच्या मदतीवर १८१३ सालीं अमेरिकन मिशन मुंबईस आलें, तेव्हां आपल्याकडील पुष्कळ मंडळ्यांचें त्यांच्याशीं जुनें नातें आहे. त्या मंडळींच्या खटपटीनें सरकारनें चौकशी करविली, आणि कॅरोल राइट ह्यांनीं १८८९ सालीं अहवाल प्रसिद्ध केला. त्यांच्या माणसांनीं काउंट्यांचीं दप्तरें उलगडून १८६७ ते १८८६ ह्या वीस वर्षांत ३,२८,७१६ घटस्फोट मोजले. पुढील वीस वर्षांची गणती झाली तेव्हां आंकडा ९,४५,६२५ भरला. दप्तर बंद असतें तर हें कळलें नसतें. पण गणती करणारास नांवांची गरज नव्हती, ही गोष्टही ध्यानांत ठेवावी.

तिसरे मागणारे नातवंडें. हल्लीं आपल्या कुळाचा इतिहास शोधण्याची हौस तेथें फार आहे. आजीनें जन्मभर स्वतःस विधवा म्हणविलें. नातू आजोबांच्या मरणाची नोंद शोधूं लागतो, आणि हातीं येतो तो घटस्फोटाचा हुकूम, आजोबा जिवंत असतांनाचा. अशा कथा थोड्याथोडक्या नाहींत. घटस्फोटित आणि टाकलेल्या पुष्कळ स्त्रियांनीं खानेसुमारीच्या वेळीं आपल्याला विधवा लिहविलें, हें इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. त्या बाईनें लोकांच्या जिभेपासून आपला बचाव केला होता. ती मेल्यावर तो बचाव मोडण्याचा अधिकार नातवाला आहे काय? माझ्या मतें घटस्फोट झाला होता हें कळण्याचा त्याला अधिकार आहे, कारण तो त्याच्याही कुळाचा भाग आहे. परंतु आजोबांनीं काय केलें अथवा आजी कशी होती, हें त्या कागदांवरून ठरविण्याचा अधिकार त्याला नाहीं.

ह्याचें कारण नीट सांगितलें पाहिजे, कारण सारा प्रश्न येथेंच अडला आहे. पूर्वीं दोघांपैकीं एकाचा दोष सिद्ध झाल्यावांचून घटस्फोट मिळत नसे. न्यूयॉर्कमध्यें १७८७ पासून १९६० नंतरच्या सुधारणेपर्यंत व्यभिचार हेंच एक कारण चालत असे. मग ज्यांचें पटत नव्हतें, पण ज्यांनीं व्यभिचार केला नव्हता, त्यांनीं काय करावें? कित्येकांनीं खोटा देखावा उभा केला: खाणावळीची खोली, पैसे देऊन आणलेली बाई, ऐन वेळीं दार उघडणारा साक्षीदार. नेवाडांत क्रूरतेचा आरोप ठराविक शब्दांनीं लिहिला जाई, आणि नवरा तो मुकाट्यानें मान्य करी. कॅलिफोर्नियानें १९७० पासून दोष सिद्ध करण्याची अट काढली, न्यूयॉर्कनें २०१० सालीं. तेव्हां जुन्या दप्तरांत जें लिहिलें आहे तें घडलेलेंच असेल असें नाहीं. कायद्यानें जें म्हणावयास लाविलें तें पुष्कळदा लिहिलें आहे. उलट, जी खरोखर मार खात होती तिच्या कैफियतींतही तेच शब्द आहेत. वाचणाराला ह्या दोघींतला भेद कागदावरून करतां येत नाहीं. हुकूमनाम्याची तारीख खरी असते, त्याचा परिणाम खरा असतो. कारणें मात्र खरींखोटीं मिसळलेलीं. आणि शेजाऱ्याला हुकूमनाम्याची गोडी नसते, कारणांची असते.

जाणूनबुजून उघडलेल्या दप्तराचें एक उदाहरण २००४ सालचें आहे. इलिनॉय संस्थानांतून सेनेटसाठीं उभे असलेले जॅक रायन ह्यांच्या घटस्फोटाचे कांहीं कागद लॉस एंजलिसच्या न्यायालयानें पूर्वीं बंद करून ठेविले होते. वर्तमानपत्रवाल्यांनीं ते मागितले. नवरा आणि पूर्वींची बायको, दोघांनींही मुलाच्या हितासाठीं ते उघडूं नयेत अशी विनंती केली. न्यायाधीशानें मोठा भाग उघडला, आरोप जगभर छापले गेले, आणि उमेदवारानें माघार घेतली. त्या निवडणुकींत बराक ओबामा निवडून आले. मतदारांना उमेदवाराचें चारित्र्य पाहण्याचा अधिकार आहे, हें मी नाकारीत नाहीं. परंतु त्या अधिकाराची किंमत ज्या मुलानें भरली तें कोणत्याच निवडणुकीस उभें नव्हतें. सभ्य माणसेंही अशा वेळीं मुलाला विसरतात, ह्याचें मला नवल वाटतें.

दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानें २००४ सालीं असा कायदा केला, कीं पक्षकारानें मागणी केल्यास घटस्फोटाच्या दाव्यांतील पैशाअडक्याचे कागद न्यायालयानें बंद केलेच पाहिजेत. एका फार श्रीमंत माणसाच्या दाव्यांत तो प्रश्न वर गेला, आणि २००६ सालीं अपील न्यायालयानें तो कायदा रद्द ठरविला. न्यायालय सर्वांचें आहे, तेव्हां तेथें काय चालतें हें पाहण्याचा अधिकारही सर्वांचा, असा त्याचा आशय. हें म्हणणें उडवून लावतां येत नाहीं. बंद दाराआड धनवानाला एक न्याय आणि त्याच्या बायकोला दुसरा मिळाला, तर तें कोणाला कळणार? गरिबांच्या दप्तरावर पडदा घालण्यासाठीं वकील लावण्यास पैसा नसतो. पडदा मिळतो तो ज्यांच्याजवळ आहे त्यांनाच.

आणखी एक गोष्ट काळानें बदलली. पूर्वीं दप्तर खुलें असलें तरी तें पाहण्यासाठीं काउंटीच्या गांवीं जावें लागे, दिवस मोडावा लागे. त्या खटाटोपानें रिकामटेकड्या कुतूहलास आपोआप आळा बसे. आतां पुष्कळ ठिकाणच्या सूची घरबसल्या यंत्रावर दिसतात, आणि त्या गोळा करून विकणारे व्यापारीही आहेत. काउंटीकाउंटींत विखुरलेले कागद आणि एका ठिकाणीं रचलेली माणसाची कुंडली ह्या दोहोंत फरक आहे, असें अमेरिकेच्या सर्वश्रेष्ठ न्यायालयानें १९८९ सालीं एका निराळ्या प्रकरणांत सांगितलें. घटस्फोटाच्या दप्तरांसही तो विचार लागू पडावा.

आपल्या देशानें बहुतांशी पडद्याची बाजू घेतली आहे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याप्रमाणें असे दावे बंद दरवाजाआड चालतात, व त्यांतील मजकूर परवानगीवांचून छापणें गुन्हा आहे. ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या १८६९ च्या कायद्यानें दरवाजा बंद करणें न्यायाधीशाच्या मर्जीवर ठेविलें आहे.

शास्त्राकडे पाहिलें तर तेथें दोन्ही गोष्टी आहेत. मोशेच्या नियमशास्त्रांत सूटपत्र लिहून स्त्रीच्या हातांत द्यावयाचें होतें. म्हणजे ती मोकळी आहे ह्याचा पुरावा तिच्याजवळच असे, तिला नवऱ्याच्या शब्दावर विसंबावें लागत नसे. आणि मत्तयाच्या पहिल्या अध्यायांत योसेफ मरियेला सोडूं पाहतो तें गुपचूप, तिची बेअब्रू होऊं नये म्हणून. आणि तेथें त्याला नीतिमान म्हटलें आहे. यहूदी धर्मन्यायालयांत आजही सूटपत्र स्त्रीच्या हातीं दिल्यावर तें परत घेऊन त्याला छेद देतात, व न्यायालयांत ठेवून घेतात. तिला मिळतो तो फक्त मोकळीक झाल्याचा दाखला. पुरावा तिच्याजवळ राहतो, आणि चर्चेचें साधन कोणाच्याच हातीं राहत नाहीं.

ह्याच वाटेनें न्यूयॉर्कचा कायदा गेला आहे. तेथें घटस्फोटाचें दप्तर शंभर वर्षें बंद असतें. पक्षकार आणि त्यांचे वकील ह्यांच्याशिवाय कोणालाही न्यायालयाच्या हुकमावांचून नक्कल मिळत नाहीं. परंतु दाव्याचा शेवट काय झाला एवढें सांगणारा दाखला कोणीही मागूं शकतो, आणि त्यांत कारणांचा किंवा साक्षींचा एक शब्दही यावयाचा नाहीं. मला हीच वांटणी न्यायाची वाटते. न्यायाधीशावर देखरेख कशी राहील, ही शंका तिनें पुरती फिटत नाहीं, हें खरें. निकालपत्रें नांवें झांकून प्रसिद्ध केल्यास ती बरीच कमी होईल.

एक आक्षेप मात्र बाप असलेल्या वाचकांच्या मनांत राहीलच. परदेशीं राहणाऱ्या घटस्फोटित मनुष्याचें स्थळ आपल्या मुलीस आलें. त्यानें पहिलीस छळलें असेल तर? बापानें तें जाणूं नये काय? अवश्य जाणावें. पण त्यासाठीं परक्या बाईच्या रडकथेची नक्कल चोरून मागविण्याची गरज नाहीं. तो स्वतः पक्षकार आहे. आपले कागद आपण आणून दाखीव, असें त्यालाच तोंडावर सांगावें. तो टाळाटाळ करील तर बापाला जें कळावयाचें तें कळलें. मारहाणीचा फौजदारी खटला झाला असेल तर त्याचें दप्तर निराळें, आणि त्याविषयीं विचारण्यास संकोच नको.

पाळकापुढें असें लग्न आलें, तर त्यानें व पंचांनीं शेवटच्या हुकूमनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल मागावी, तिच्यावरील नांवें, तारीख आणि काउंटी पाहावी, आणि कैफियत मागूं नये. नक्कल हरवली असल्यास ज्याची त्यानेंच क्लार्काला पत्र लिहावें, त्यांत त्या वेळचें नांव व साल घालावें. घटस्फोट न्यूयॉर्कचा असेल तर निकालाचा दाखला पाळकालाही मागवितां येतो.