गाडी चालती राहावी म्हणून

मोटरसायकल नुसती उभी ठेवली तर ती आहे तशी राहते, असा पुष्कळांचा समज असतो. जिन्याखाली, गोठ्याच्या कडेला, सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्री टाकून ठेवलेल्या गाड्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. मालक म्हणतो, "जपून ठेवलीय, एक दिवस बाहेर काढणार." पण यंत्राला बसून राहणं मानवत नाही. टाकीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे डिंकासारखा थर उरतो. तो थर कार्बोरेटरच्या जेटच्या बारीक भोकात जाऊन बसतो. टाकी अर्धवट भरलेली असेल तर वरच्या मोकळ्या पत्र्याला आतून गंज धरतो. काही पावसाळे गेले की ऑईल सीलचं रबर कडक होतं, क्लचप्लेटा एकमेकींना चिकटतात, उंदीर वायरिंग कुरतडतात, आणि पिस्टन जिथे थांबला तिथेच सिलिंडरला धरून बसतो. जिला आपण जपणूक म्हणतो तीही गाडी बदलतच असते. तो बदल कुणी विचार करून केलेला नसतो, एवढंच.

हे आधी सांगायचं कारण असं, की जुनी गाडी पुन्हा चालू करायची म्हटलं की सगळा वाद मूळ रूपाभोवती फिरू लागतो. एका बाजूला नटबोल्टसुद्धा कंपनीचाच हवा म्हणणारे, दुसऱ्या बाजूला गाडी दारात आली की ग्राइंडर हातात घेणारे. दोघांच्याही प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण जुन्या गाडीत जपण्यासारखं नेमकं काय आहे, हा प्रश्न दोघंही सोडून देतात.

येझदीचंच बघा. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून साठच्या दशकाच्या सुरुवातीला जावा बाहेर पडू लागली. यंत्राची रचना चेकोस्लोव्हाकियाची, कारखाना इराणी कुटुंबाने उभा केलेला. १९७३ पासून गाड्यांवर येझदी हे नाव आलं, १९७८ मध्ये रोडकिंग आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे त्या कारखान्यातली जी येझदी आज रस्त्यावर दिसते, ती गेली तीसेक वर्षं कंपनीच्या पाठबळाशिवाय चालली आहे. ती चालली कुणामुळे? गल्लीबोळातल्या फिटरमुळे, लेथवाल्यामुळे, भंगारातून चांगला क्रँक निवडून ठेवणाऱ्यामुळे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आजही बुश, पिन किंवा स्पिंडल नमुन्यावरून करून मिळतं. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला तो याच गावात. परदेशी यंत्र उघडायचं, समजून घ्यायचं आणि आपल्या हाताने पुन्हा घडवायचं, ही या गावाची जुनी सवय आहे.

आमच्या घरची येझदी उघडली गेली तीही तिथेच. पिस्टन अडकलेला होता. मेस्त्रींनी प्लग काढून त्या भोकातून डिझेल सोडलं आणि किकला कुणीही पाय लावायचा नाही, असं बजावलं. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीत पोर्ट, म्हणजे खिडक्या असतात. गाडी जबरदस्तीने फिरवली तर रिंग त्यांच्या कडेत अडकून मोडते आणि चांगला ब्लॉक कायमचा ओरखडतो. काही दिवस गाडी तशीच मुरू दिली. मग वरचा गिअर टाकून मागचं चाक हलक्या हाताने पुढेमागे करत करत पिस्टन सुटला. ब्लॉक उतरवल्यावर त्यांनी पिस्टनच्या डोक्यावरची काजळी खरवडली, तेव्हा खाली ओव्हरसाइजचा आकडा उमटलेला दिसला. वडिलांच्या काळातच कुणीतरी सिलिंडर बोअर करून घेतला होता. कंडेन्सर दुसऱ्याच गाडीचा निघाला. चेनकव्हरला आतून गॅस वेल्डिंगची पट्टी होती, इतकी सफाईदार की बाहेरून कधी कळलंच नव्हतं. घरात जिला सगळे कंपनीची गाडी म्हणत आले, ती आतून कितीतरी मेस्त्रींची होती.

मला यात काहीही वाईट वाटलं नाही, उलट अभिमानच वाटला. यंत्राचं मोठेपण इथेच आहे. ते उघडता येतं, त्याचा बिघाड डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो आणि साध्या हत्यारांनी दुरुस्त होतो. जपायचं ते हे. रंगाची छटा आणि टाकीवरचं चिन्ह त्यानंतर.

जुनी गाडी एका किकमध्ये चालू झाल्याच्या गोष्टी लोक कौतुकाने सांगतात. तो आनंद मला पुरेसा वाटत नाही आणि थोडा धोक्याचाही वाटतो. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढलं जातं. क्रँकचं सील कडक होऊन फटीतून हवा शिरू लागली की मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि भर रस्त्यात गाडी जाम होते. आवाज आला म्हणून गाडी बरी झाली असं नसतं. सील, रबरी नळ्या, ब्रेकशू, केबल, टायर, स्पोक हे सगळं बघून झाल्याशिवाय तिला रस्त्यावर काढू नये. टायरची नक्षी शाबूत असली तरी वर्षानुवर्षं पडून राहिलेलं रबर तडकलेलं असतं.

इथेच मूळ रूपाचा हट्ट लंगडा पडतो. आज पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या काळचं रबर त्याचा विचार करून बनवलेलं नव्हतं. कुठून तरी शोधून आणलेली, कंपनीच्या जुन्या पाकिटातली पेट्रोलची नळी बसवणं ही निष्ठा नव्हे. जुन्या जावाचा सहा व्होल्टचा दिवा तेव्हाच्या रस्त्यांना पुरत असेल. आज समोरून ट्रक येत असताना तो पुरत नाही. अशा ठिकाणी बदल केलाच पाहिजे, आणि तो केल्याने गाडीचा अपमान होत नाही.

बदल करण्याची आपली परंपराही जुनी आहे. राजदूत १७५ ही मुळात पोलंडच्या एसएचएल गाडीवरून आलेली. आपल्याकडे गवळ्यांनी तिला दोन्ही बाजूंना लोखंडी कडी ठोकून दुधाचे कॅन अडकवले आणि गावोगाव रतीब घातला. गुजरातेत बुलेटचा पुढचा भाग कापून छकडा रिक्षा झाली. डिझेल महाग वाटत नव्हतं त्या काळात एनफिल्डने ३२५ सीसीचं डिझेल इंजिन घातलेली टॉरस विकली. आणि साडी गार्ड! मागे एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून निम्मं चाक झाकणारी जाळी केंद्रीय मोटार वाहन नियमांनीच सक्तीची केली. इतक्या विचारपूर्वक केलेला दुसरा बदल मला चटकन आठवत नाही.

परदेशातली कॅफे रेसरसुद्धा गरजेतूनच जन्मली. लंडनच्या एस कॅफेभोवती जमणाऱ्या पोरांना साठच्या दशकात वेग हवा होता, म्हणून त्यांनी वजन उतरवलं, हँडल खाली आणलं, नॉर्टनच्या चेसीत ट्रायम्फचं इंजिन बसवलं. आपल्याकडे तीच आकृती जशीच्या तशी उचलली जाते. मडगार्ड काढलं जातं, सीटची मागची चेसी कापली जाते, हँडल गुडघ्याशी येतं. मग पहिल्या पावसात चिखल पाठीवर आणि पहिल्या खड्ड्यात मनगटं गेली. ज्या गाडीवर तीन माणसांचं घर बाजारहाट करायचं, ती एकट्याला फोटोपुरती उरते.

सायलेन्सरचंही तेच. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर नुसता आवाज कमी करत नाही. त्याच्या आतल्या आकारामुळे दाबाची लाट परत फिरते आणि बाहेर पडू पाहणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये मागे ढकलते. आतली नळी काढून टाकली की आवाज वाढतो आणि ओढ बहुधा कमी होते. पोलीस असे सायलेन्सर रोलरखाली चिरडतात, त्याबद्दल मला हळहळ वाटत नाही. टू-स्ट्रोक धूर जास्त करते, हेही खरंच आहे. म्हणून तिच्या मालकावर ट्यूनिंग नीट ठेवण्याची आणि ती गर्दीत रोज न पिदवण्याची जबाबदारी येते.

माझी कसोटी साधी आहे. पुढच्या मालकाला उलटा फिरवता येईल तो बदल करावा. बोल्टने लावलेलं काढता येतं, पण ग्राइंडरने कापलेलं परत येत नाही. हँडल, सीट, दिवा, रंग, शॉक ॲब्सॉर्बर हवे तसे बदला, मात्र चेसीला हात लावू नका. आणि ज्या भागात यंत्र घडवणाऱ्याची बुद्धी दिसते तो झाकूही नका. येझदीचा किकचा दांडा पुढे वळवला की तोच गिअरचा दांडा होतो. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर आहेत. या गोष्टी काढून तिथे बाजारातलं सर्वसाधारण सामान बसवलं तर ती गाडी कुठलीही गाडी होते.

कायदा मात्र या मधल्या वाटेचा विचार करत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. चेसी आणि इंजिनाच्या बाबतीत ते योग्यच आहे. २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम आले. त्यांत ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली वाहनंच बसतात, आणि ती रोज वापरता येत नाहीत. ऐंशीच्या दशकातली, चांगला ब्रेक आणि चांगला दिवा लावून नीट चालवलेली गाडी यांत कुठेच बसत नाही. तपासून, नोंद करून मान्य करायच्या सुरक्षेच्या बदलांची एक सोपी यादी परिवहन खात्याने करायला हवी. जुनी गाडी म्हणजे संग्रहालयातली वस्तू किंवा भंगार, एवढे दोनच पर्याय सरकारने ठेवू नयेत.

तुमच्याही घरी ताडपत्रीखाली एखादी गाडी असेल तर उत्साहात किक मारू नका. आधी टाकी रिकामी करा, प्लग काढा, आणि त्या जातीची गाडी ज्याने पूर्वी उघडली आहे असा मेस्त्री गाठा. ते आता म्हातारे होत चालले आहेत, तेव्हा या कामाला उशीर नको. ते काम करत असताना शेजारी बसा, विचारा, लिहून ठेवा. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवा, तो पुढे कुणाला तरी लागेल. आणि रंग कोणता द्यायचा हे ठरवण्याआधी आरसी बुक शोधा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पुढे दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं, आणि ते झालेलं नसेल तर गाडी कितीही सुरेख झाली तरी रस्त्यावर आणता येत नाही.