सहा पाती

रायपूरच्या गोल बाजारात जन्मापासून मरणापर्यंत लागणारं सगळं मिळतं, असं तिथले लोक अभिमानानं सांगतात. हळदकुंकू, लग्नाचं मौर, जडीबुटी, पितळेची भांडी, तेरवीचं सामान. मिळत नाही ती फक्त मोकळी जागा. अशाच एका गल्लीत एका मराठी मिस्त्रीचं दुकान होतं. घर तात्यापाऱ्यात, भोसल्यांच्या अमदानीत इकडे आलेल्या आणि मग इथलीच होऊन गेलेल्या कुटुंबांपैकी एक. मिस्त्रींचं बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि गिऱ्हाईक खेड्यातलं असलं की पुरतं छत्तीसगढी. नागपूरहून भाचा काम शिकायला आला आणि त्याचं ऐकून शेजारचा पंसारीसुद्धा त्यांना मामाजी म्हणू लागला.

भाचा आयटीआय झालेला, हाताचा चलाख. टुल्लू पंप तो चहा निवायच्या आत खोलायचा. जोडायलाही त्याला फार वेळ लागत नसे.

वैशाखातल्या एका दुपारी धमतरीकडचा एक नावाडी पोत्यात गुंडाळलेलं इंजिन घेऊन आला. महानदीवरच्या गंगरेल धरणात, म्हणजे सरकारी कागदावरच्या रविशंकर सागरात, त्याची नाव चालायची. नावेच्या मागच्या फळीला अडकवायचं हे छोटं इंजिन. बोटवाले त्याला ओबीएम म्हणतात. अमेरिकेत मिलवॉकीच्या ओली एव्हिनरूडनं १९०९च्या सुमारास असलं इंजिन बाजारात आणलं. तळ्यापलीकडून वल्हवत आणेपर्यंत आइस्क्रीम वितळलं, म्हणून त्याला ही कल्पना सुचली अशी गोष्ट सांगतात. आमच्या नावाड्याची अडचण आइस्क्रीमची नव्हती. इंजिन तापत होतं आणि मागून पडणारी पाण्याची धार करंगळीएवढीही उरली नव्हती.

मामाजी पत्र्याच्या खुर्चीवरून उठले नाहीत. एवढंच विचारलं, “कोरडं चालवलं होतं का?”

नावाडी खाली बघू लागला. उन्हाळ्यानं पाणी मागे हटलं होतं, नाव काठावर चिखलात होती, इंजिन सुरू होतं की नाही ते बघावं म्हणून त्यानं तिथंच दोरी ओढली होती. “बस, एके मिनट.”

एक मिनिट पुष्कळ झालं. ओबीएमच्या खालच्या दांड्यात एक रबरी पंखा असतो, इंपेलर. तो ज्या वाटीत फिरतो तिचा मध्य आणि पंख्याचा मध्य मुद्दामच एक नसतो. एका बाजूला पाती दुमडतात, दुसऱ्या बाजूला मोकळी होतात. मोकळी होताना पाणी ओढतात, दुमडताना वर ढकलतात. या पात्यांना वंगण म्हणून तेच पाणी मिळतं. पाणी नसलं की रबर वाटीवर घासून काही सेकंदांत भाजायला लागतं. इंजिनाला गार ठेवणारा पंखा स्वतःच आधी जळतो.

“नवा बसव,” मामाजी भाच्याला म्हणाले आणि जेवायला घरी गेले.

भाच्यानं काम रीतसर केलं, हे सांगायलाच हवं. आधी प्लगची वायर काढली, म्हणजे पंखा फिरवताना इंजिन चुकून सुरू व्हायला नको. गिअरची काडी सोडवली, बोल्ट काढले, खालचा भाग शाफ्टसकट अलगद ओढून घेतला. वाटी उचलली तर आत पंख्याची दशा झालेली. तो त्यानं टोपलीत टाकला. नव्याला ग्रीस लावलं नाही, कारण ग्रीसनं रबर फुगतं. साबणाचं पाणी लावलं. बारकी चावी खाचेत बसवली, वाटी वरून दाबत शाफ्ट घड्याळाच्या दिशेनं फिरवला, म्हणजे सगळी पाती एकाच अंगाला वळतात. गास्केट नवं. मग झाडू मारला, इंजिन पाण्याच्या ड्रमावर लावलं, दोरी ओढली. धार पडली. नावाड्यानं हात जोडले, पैसे मोजून दिले आणि धमतरीच्या बसची वेळ विचारली.

तेवढ्यात मामाजी आले. धारेकडे त्यांनी बघितलंही नाही.

“जुना कुठाय?”

भाच्यानं टोपलीतून काढून दिला. मामाजींनी तो तळहातावर फिरवला.

“पाती किती असतात?”

“सहा.”

“इथं किती?”

“तीन. बाकीची झिजली असतील, मामाजी.”

“झिजलं असतं तर बुंधा गुळगुळीत झाला असता. हे तुटलंय.” त्यांनी इंजिन बंद केलं. “तीन तुकडे कुठायत?”

“आता पाणी येऊन राहिलं ना! काहून पुन्हा खोलायचं?” भाचा वैतागला. मला विचाराल तर त्याचं काही फार चुकत नव्हतं. धार दिसत होती, गिऱ्हाईक खूश होतं, पैसे गल्ल्यात होते. कामं अशीच संपतात बहुतेक ठिकाणी.

मामाजींनी गल्ल्यातले पैसे काढून नावाड्याच्या हातात परत ठेवले. “काम व्हायचंय अजून,” ते त्याला म्हणाले आणि मग भाच्याकडे वळले. “नवं बसवणं सोपं असतं रे. जुन्याचा हिशेब लागला म्हणजे दुरुस्ती झाली. पाणी ज्या वाटेनं वर जातं, त्याच वाटेनं ते तुकडे गेलेत. इथं ड्रमात हळू चालतंय म्हणून चाललं. तिकडे धरणाच्या मध्यावर, नावेत दहा माणसं असताना तुकडा सरकला आणि आडवा बसला, तर?”

नावाड्यानं बसची वेळ पुन्हा विचारली नाही.

खालचा भाग परत उतरवला. पाणी वर नेणाऱ्या नळीच्या तोंडाशी पहिला तुकडा सापडला, नखाएवढा, वेडावाकडा. दुसऱ्यासाठी इंजिनाच्या माथ्यावरचं थर्मोस्टॅटचं झाकण काढावं लागलं. तिथलं गास्केट फाटलं, तयार मिळण्यासारखं नव्हतं. भाच्यानं झाकणावर गास्केटचा कागद धरून हातोडीनं कडा ठोकत नवं कापलं. थर्मोस्टॅटखाली दुसरा तुकडा. संध्याकाळ झाली. पंसाऱ्यानं दिवा लावला. तिसरा काही मिळेना. नळीत तार घातली, उलट बाजूनं पाणी मारलं, हवा फुंकली. भाच्याचा शर्ट घामानं अंगाला चिकटला. शेवटची बस केव्हाच गेली होती.

मामाजी मध्ये एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर दहा वेळा बोललो असतो.

रात्री आठाच्या सुमाराला भाचा एकदम थांबला. उठला, कोपऱ्यात दुपारच्या झाडूचा कचरा सुपलीत तसाच होता, तो त्यानं फरशीवर ओतला. लोखंडाचा कीस, धाग्यांचा बोळा, बिडीची थोटकं, आणि त्यात काळ्या रबराचा एक तुकडा. वाटी उघडताना खाली पडलेला. त्यानंच झाडून बाजूला केलेला.

तिन्ही तुकडे त्यानं जुन्या पंख्याच्या बुंध्यांना लावून पाहिले. जुळले.

“आधीच मोजले असते,” तो पुटपुटला, “तर दोनच शोधावे लागले असते.”

मामाजींनी दुकानाची एक फळी लावली. “जेवून घ्या दोघं. सकाळी जोडू.”

भाच्यानं आपला डबा नावाड्यापुढे सरकवला आणि झोपायला त्याला दुकानातली चटई दिली. ओशाळा होऊन विचारलं, “घरी वाट बघत असतील ना?” नावाडी हसला. धरणावर रात्र काढायची सवय होती त्याला. गोल बाजारात पहिल्यांदाच काढत होता.

सकाळी जोडणी झाली. नावाड्यानं स्वतः दोरी ओढली. कालच्यासारखी धार ड्रमात पडेल म्हणून भाचा अगदी जवळ उभा होता. ती ड्रमाची कड ओलांडून त्याच्या पायांवरून सरळ गल्लीत गेली आणि शेजारच्या उंबऱ्यावर ठेवलेल्या हळदीच्या पोत्यावर आपटली.

“ओ मामाजी!” पंसारी ओरडत बाहेर आला. “कल तो इतना पानी नहीं था!”